उपरण्याबाहेरचे हात

हिराभाऊ गेल्याचा निरोप आला तेव्हा मी शाळेत निघालो होतो. देवपुरात त्यांचं किराणा दुकान आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. रोज जाताना "मास्तर, डबा घेतला का?" असं विचारायचेच. आदल्या संध्याकाळी मी त्यांच्याजवळ बसून आलो होतो. अंगात ताप, पौषातली थंडी, आणि दोन्ही हात गोधडीच्या बाहेर. मी म्हणालो, "आता तरी आत घ्या ना हात." तर म्हणाले, "नको मास्तर. आत गेले की त्यांना जुनी सवय आठवते." आम्ही दोघंही हसलो... ते शेवटचं हसणं ठरेल असं वाटलं नव्हतं.

ती जुनी सवय दोंडाईच्याच्या बाजारातली. हिराभाऊंचे आजोबा राजस्थानातून आले आणि मिरचीच्या अडतीत स्थिरावले. पुढे ती अडत हिराभाऊ आणि त्यांचा धाकटा चुलतभाऊ मोती, असे दोघं मिळून चालवू लागले. त्या काळी भाव तोंडानं बोलत नसत. खरेदीदार आणि अडत्या उपरण्याखाली हात घालायचे आणि बोटं दाबून सौदा ठरवायचे. ज्याची मिरची, तो शेतकरी समोर उभा राहून नुसतं हलणारं कापड बघायचा. मग अडत्या त्याला भाव सांगायचा, आणि तो बोटांनी ठरलेल्या भावापेक्षा कमी असायचा. हे सगळ्या बाजाराला ठाऊक होतं. हिराभाऊंनीही अनेक वर्षं तेच केलं होतं, आणि हे त्यांनी माझ्यापासून कधी लपवलं नाही.

स्वातंत्र्य येऊन थोडीच वर्षं झाली होती. मी तेव्हा दोंडाईच्याच्या शाळेत मास्तर होतो आणि सुटीच्या दिवशी त्यांच्या अडतीवर चहाला जाऊन बसायचो. एकदा एक म्हातारी अक्का गाडीभर मिरची घेऊन आली. कापड हललं, थांबलं. तिनं विचारलं, "भाऊ, काय भाव लागना?" हिराभाऊंनी दुसऱ्या हातानं उपरणं ओढून बाजूला टाकलं. खरेदीदाराची बोटं अजून त्यांच्या बोटांवर होती. मोठ्यानं त्यांनी खरा भाव सांगितला, आणि पुढं म्हणाले, "आजवर तुला कमीच सांगत आलो, अक्का." आजूबाजूची हलणारी कापडं जागच्या जागी थांबली. मोती उठून आत निघून गेला.

शेतकऱ्यांच्या तक्रारींवरून पुढं धुळ्याहून साहेब चौकशीला आले. असा काही प्रकार होतच नाही, असं एकेका अडत्यानं हात जोडून सांगितलं. हिराभाऊंनी मात्र साहेबांचा हात हातात घेतला आणि भर बाजारात एकेक खूण दाबून दाखवली. "हिरानं घरच विकलं," असं लोक म्हणू लागले. मोतीनं अडत वेगळी केली. समाजाच्या पंगतीत हिराभाऊंच्या शेजारचं पान रिकामं राहू लागलं. कस्तुरवहिनींना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, लग्नघरी गाण्यांना बोलवेनात. हिराभाऊंचा एक अंदाज मात्र साफ चुकला. त्यांना वाटलं होतं, आता शेतकरी आपल्याच दारात गाड्या सोडतील. एका जुन्या शेतकऱ्यानं खाली बघत सांगितलं, "तुमना शब्द खरा शे भाऊ, पन तुमना दारमा माल कोन लेई?" त्याचंही खोटं नव्हतं. त्यांच्या दारात एकही खरेदीदार फिरकत नव्हता. मला मात्र त्या सगळ्या बाजाराचा राग आला होता, आणि अजूनही आहे.

माझी बदली देवपुरात झाली, तेव्हा मी त्यांना इकडे या म्हटलं. ते आले. लहानसं दुकान टाकलं, तराजू गिऱ्हाइकाच्या तोंडासमोर टांगला आणि ते उपरणं मागच्या खुंटीला अडकवलं. पश्चात्ताप होतो का, असं मी एकदाच विचारलं. म्हणाले, "बाजाराचा नाही होत. मोतीची आठवण येते. त्याला बोटांच्या खुणा मीच शिकवल्या होत्या."

हिराभाऊ गेले त्या दिवशी दुपारी मोती आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. कोणाशी न बोलता भावाजवळ बसला आणि त्यानं हळूच पांढऱ्या चादरीखाली हात घातला. कापड थोडंसं हललं. माझ्याखेरीज जमलेल्यांपैकी कोणाच्या ते लक्षात आलं नाही, पण कस्तुरवहिनींनी पाहिलं. त्या पुढं आल्या आणि त्यांनी चादर दोघांच्या हातांवरून बाजूला केली.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "यांना जे सांगायचं ते उघड्यावर सांगा."

त्या खुणा हिराभाऊंनी मलाही शिकवल्या होत्या. मोतीच्या बोटांत त्यातली एकही नव्हती. त्यानं नुसता हात घट्ट धरला होता.  मग सगळ्यांना ऐकू जाईल असं तो म्हणाला, "भाऊ, तुनं खरं व्हतं." आणि रडू लागला.

आता दुकानात कस्तुरवहिनी बसतात. उपरणं खुंटीला तसंच आहे. परवा सकाळी थंडी फार होती, म्हणून हात शालीत घेऊन मी दुकानापाशी थांबलो. "मास्तर, डबा घेतला का?" वहिनींनी विचारलं. उत्तर देताना माझं लक्ष खुंटीकडे गेलं, आणि मी हात शालीतून बाहेर काढले.