गोफणीतला दगड

तासगावच्या बेदाणा शेडवर गोडाला गांधीलमाश्या यायच्याच. डंख बसला की निवडणाऱ्या बायका त्यावर चुना लावायच्या नि पुन्हा कामाला लागायच्या. "डंख खाऊन खाऊन अंग सरावतंय," असंच सगळ्या धरून चालायच्या. बनाबाईसुद्धा. पण गेल्या हंगामात एकाच डंखानं तिच्या अंगभर गांधी उठल्या, घसा आवळला नि ती जाग्यावर कोसळली.

सांगलीच्या विश्रामबागेतल्या डॉक्टरीणबाईंनी तिला वाचवलं, आणि समजावलंही. आधीच्या डंखांवर शरीरानं प्रतिपिंडं तयार केली होती. ती काही पेशींच्या अंगावरच्या रिसेप्टरवर, म्हणजे खाचांसारख्या जागांवर, जाऊन बसली. आता विष येऊन त्यांना चिकटलं, की त्या पेशी आतली रसायनं एकदम ओतून मोकळ्या होतात.

लहानपणी शेतातल्या माळ्यावर बसून गोफणीनं पाखरं हाकलत ज्वारी राखलेल्या बनाबाईला ते लगेच पटलं. आधीच्या डंखांच्या वेळी अंगातल्या राखणदारानं नुसता दगड गोफणीत घातलेला. पुढचा डंख बसला की तो भिरकावणार, नि कौलं आपल्याच घराची फुटणार.

"आये, आता शेडवर जायचं न्हाई," तिचा लेक कपिल म्हणाला.

"माशी काय शेडवरच असती व्हय रं? घरात एकटी असल्यावर धावून याया कोण हाय?"

रोज सकाळी बुद्धमूर्तीपुढं हात जोडून ती निघायची. पुन्हा तसं झालं तर लगेच मांडीत टोचायला डॉक्टरीणबाईंनी भरून दिलेलं इंजेक्शन डब्यात असायचं. यंदाच्या हंगामात पहिल्याच दिवशी डबा शेडवरच्या माठाशेजारी ठेवून तिनं बायकांना गोळा केलं, रिकामी सुई हातात दिली नि टोचायच्या सरावाला पुढं वांगी मांडली.

"नर्सबाई झालीस व्हय गं?" जोडीदारीण रंगूबाई फिदीफिदी हसली. "ह्या वांग्याचं भरीत करू का सलाईन लावू?"

"हस बाई. पण हात चालू दे."

हंगामाच्या दुसऱ्या पंधरवड्यात जाळीवरचे बेदाणे झाडताना बनाबाईच्या मानेला डंख बसला. ओठ सुजले, आवाज फुटेना. तिनं माठाकडं बोट केलं. कुणीतरी सवयीनं चुन्याची डबी काढली, ती रंगूबाईनं हाणून पाडली. लुगड्यावरूनच मांडीत सुई खुपसली नि ओरडली, "मालक, जीप काढा!"

सांगलीच्या दवाखान्यात बनाबाईनं डोळे उघडले, तेव्हा रंगूबाई उशाशी बसलेली.

"लागलं का गं लय?"

बनाबाईनं मान हलवली. न्हाई.

"लागंल कसं," रंगूबाई पदरानं डोळे पुसत म्हणाली, "वांग्यापरीस मऊ हायस."