बिननखाचा गणपती

हमरापूरच्या कारखान्यात मी गणपती ठरवायला गेलो होतो, तेव्हा एक माणूस दिसला. साठीचा असेल, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला. तो एकाही मूर्तीचं तोंड बघत नव्हता. प्रत्येकीपुढे उकिडवा बसे, डाव्या पायाच्या करंगळीवरून अंगठा फिरवी आणि मान हलवून पुढे सरके.

रंगकाम करणारी बाई शेवटी म्हणाली, "काका, सगळी नखं बरोबर हायत. आमच्या कामात खोट नाय."

"तेच तर. मना बिननखाचा पायजे."

मग त्याने सांगितलं. रोह्याला राहणाऱ्या त्याच्या नातीला जन्मापासून त्या बोटाला नख नाही. नख म्हणजे कडक झालेली कातडीच, हिची तेवढी झाली नाही, असं डॉक्टर म्हणाले. पोरीला ते पटेना, ती पायातले मोजे काढीना. तेव्हा आजोबांनी ठोकून दिलं, की गणपतीलाही तिथे नख नसतं. आता ती देवाचा पाय बघायला येणार होती.

"मग खोटं बोललात कशाला?" बाईने विचारलं.

"बोललो तवा खोटं होतं. आज तू केलंस तर खरं व्हईल."

बाईने पॉलिशपेपरने ते नख घासून टाकलं आणि वर अंगाचा रंग दिला. त्याने वाकून त्या ओल्या करंगळीलाच नमस्कार केला.

बाई माझ्याकडे वळली. "तुमच्या गणपतीला नखं ठेवायची ना?"

मी चप्पल काढून आधी स्वतःचा पाय बघितला.