साच्याला डोळे नसतात

“कुणाला विचारतोयस? साच्याला की मूर्तीला?”

हा प्रश्न टाकून सर खडूचा हात पँटला मागे पुसायचे आणि उत्तराची वाट पाहत उभे राहायचे. त्यांच्या प्रत्येक पँटवर पांढरा पंजा उमटलेला असे. नव्वदचं दशक संपत आलं होतं. रोह्याच्या पुलापलीकडे, अष्टमी गावात, एका माडीवर पुढच्या खोलीत मी टायपिंग शिकवायचो, मागच्या खोलीत ते कॉम्प्युटरची जावा भाषा. मधे नुसती प्लायवूडची फळी. माझी खडखड त्यांना फुकट आणि त्यांची शिकवणी मला फुकट.

सर पेणचे, घरी गणपतींचा कारखाना. त्यामुळे जावातला क्लास म्हणजे साचा आणि ऑब्जेक्ट म्हणजे त्यातून काढलेली मूर्ती, हे ठरलेलं. “सोंड कुठल्या बाजूला, ते साचा सांगेल. एकही मूर्ती काढली नसली तरी सांगेल. ती स्टॅटिक मेथड. पण डोळे कसे आलेत? साच्याला डोळे नसतात रे बाबा! ते एकेका मूर्तीवर हाताने काढायचे. ते त्या मूर्तीलाच विचारायला हवं.”

पोरं बिलंदर. मूर्ती न बनवताच तिला प्रश्न विचारायची, आणि एरर आला की दिसेल तिथे स्टॅटिक लिहून मोकळी व्हायची. एकाने तर रंगही स्टॅटिक, म्हणजे साच्याचाच, केला. एका गणपतीचं सोवळं हिरवं करायला गेला आणि सगळ्यांचीच हिरवी झाली.

“पण सर, एरर तर नाय ना आला!”

“नाय आला. पण गिऱ्हाईक मारील ना मला!”

फळीच्या अलीकडे माझी पोरंही हसली. संध्याकाळी मी मुद्दाम खोडी काढायचो, “सर, पेणची गाडी कितीला?” ते गंभीरपणे म्हणायचे, “वेळापत्रकाचं सांगू, की आजच्या गाडीचं?” अशा माणसाला काय बोलणार तुम्ही?

सरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, कारखान्यात आखणी करायच्या, म्हणजे मूर्तीचे डोळे काढायच्या. दुसरं बुबुळ टेकवलं की स्वतःशीच म्हणायच्या, “बघाया लागला.” नेमकी त्यांचीच नजर अधू होत चालली. पनवेलला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाताना सरांनी मला सोबत नेलं. त्यांना एकट्याने धीर होईना.

डॉक्टरांनी नीट तपासलं. “या आजारात बऱ्याच जणांची थोडीफार नजर टिकते,” ते म्हणाले.

“हे आजाराचं झालं, डॉक्टर. हिची टिकेल का?”

“ते आज मी सांगू शकत नाही.”

“मग कुणाला विचारू?”

वहिनीच उठल्या. “चला ओ. त्यांना म्हायत असतं तर सांगितलं नसतं का?”

त्या दिवशी परतीच्या गाडीत सर खिडकीबाहेर बघत होते, वहिनी त्यांच्या पँटवरचा खडू झटकत होत्या, आणि मला नुसतं रडू येत होतं.

त्या पावसाळ्यात सरांनी शिकवणी बंद केली. फळीपलीकडची खोली गप्प झाली. गणपती तोंडावर आले तेव्हा न राहवून मी पेणला गेलो.

कारखान्यात एकाच साच्यातले गणपती ओळीने मांडलेले होते, रंगवलेले, पण बिनडोळ्यांचे. वहिनी नाक मूर्तीला लागेल इतक्या वाकून कुंचला टेकवत होत्या. सर शेजारी बल्ब धरून उभे होते.

“दुसऱ्या कुणाला दे म्हटलं, तर ऐकत नाय,” ते हळूच मला म्हणाले.

वहिनी सरळ झाल्या. “बघतोय का ओ?”

सरांनी मूर्तीकडे पाहिलं. तिचा एक डोळा आमच्याकडे होता, दुसरा दाराकडे.

“बघतोय,” सर म्हणाले.

“ह्यांचं काय खरं नाय. भावजी, तुम्ही सांगा.”

सरांनी माझ्याकडे पाहिलं.

“बघतोय, वहिनी,” मी म्हणालो.

“मंग ठीक,” म्हणत त्यांनी पुढच्या मूर्तीसाठी हात लांब केला. तो मूर्तीच्या बाजूला, हवेतच राहिला. सरांनी तो धरला आणि अलगद मूर्तीच्या कपाळावर नेऊन ठेवला.