तीन दिवस मी पेशंट होते

"तू झोप," सर म्हणाले.

हॉलमध्ये आम्ही दहा डॉक्टर. नऊ जणांना सर 'डॉक्टर, तुम्ही' म्हणत होते. मला तू. मी फरशीवर आडवी झाले. मानेला कॉलर, कपाळावर लाल रंग. मागून कुणीतरी म्हणालं, खाली चादर तरी टाका. सर म्हणाले, "हिला काय होतंय? पाड्यावरची आहे. जमिनीचीच सवय." सगळे हसले. मीसुद्धा हसले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

नाशिकला तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं. अपघातातल्या जखमीला सुरुवातीच्या मिनिटांत कसं सांभाळायचं, हे आम्हाला येत होतं. ते दुसऱ्यांना शिकवायचं कसं, हे शिकायला आलो होतो. एकाने शिकवायचं, एकाने जखमी व्हायचं, बाकीच्यांनी विद्यार्थी. मग पाळी बदलायची. सगळ्यांची बदलली, माझी नाही. शेवटच्या दिवशी प्रत्येकाने शिकवून दाखवायचं, तेव्हा प्रशिक्षक म्हणून पास.

मला पास व्हायचंच होतं. मी पेठकडच्या एका सरकारी दवाखान्यात आहे. मागच्या हिवाळ्यात घाटात मजुरांची पिकअप पलटी झाली. बाया निफाडला द्राक्षांच्या कामाला चालल्या होत्या. त्यातल्या एकीला लोकांनी हातापायाला धरून उचललं. आमच्या ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरनेही तशीच उतरवली. मान हलली की पाय जाऊ शकतात, पण ती कुणीच धरली नाही. ती मला सारखी विचारत होती, "मॅडम, माझे पाय कुठं हायेत?" ती जगली, पण अंथरुणातून उठत नाही. ड्रायव्हरला काय बोलणार? त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. शिकवायला पास झालेला माणूस लागतो, आणि आमच्याकडे तसा कुणी नाही.

दुसऱ्या दिवशीही तेच. तू झोप. मी विचारलं, "सर, माझा नंबर कधी?"

"वेळ उरला तर बघू. कोट्यातून इथवर आलीस, तेवढं पुरे नाही का?"

कुणी मान वर केली नाही. चहाच्या वेळी निफाडचा एक डॉक्टर जवळ आला. हळूच म्हणाला, "मनावर घेऊ नका मॅडम, सरांचा स्वभावच तसा आहे." शाळेपासून हेच ऐकत आलेय. स्वभाव त्यांचा, आणि मनावर न घ्यायचं काम माझं. थकले मी. रागवायलाही अंगात ताकद लागते, तेवढी उरली नव्हती.

तिसऱ्या दिवशी त्याच निफाडच्या डॉक्टरची परीक्षा. चौघांनी मिळून मला कुशीवर वळवलं. डोकं त्याच्या हातात होतं. वळवताना हात सुटला, डोकं एका बाजूला कललं. वरून कुणाला दिसलं नसेल. मला कळलं. मान माझी होती.

"सर, मान सुटली."

"पेशंट बोलत नाही," सर म्हणाले. मग त्याला म्हणाले, "छान, डॉक्टर. पास."

मला घाटातली ती बाई आठवली. ती तर बोलत होती, घसा कोरडा पडेपर्यंत.

मी कॉलर काढली. उठले. पाठ धरली होती, नीट उभंही राहता येईना. म्हटलं, "सर, आता मी शिकवते. दुसरं कुणीतरी झोपा."

"वेळ संपला."

"मग मला शिकवू दिलं नाही, असं लिहून द्या."

सर घड्याळ बघत बाहेर गेले. निफाडचा डॉक्टर स्वतःच्या बुटांकडे बघत बसला. हात सुटला होता, हे त्याला माहीत होतं.

मला नुसतं हजेरीचं सर्टिफिकेट मिळालं. एसटीत खिडकीकडे तोंड करून रडले. खोटं कशाला सांगू.

पुढच्या बॅचला माझं नाव घ्या, म्हणून वरच्या ऑफिसला अर्ज दिला. उत्तर नाही. दुसरा दिला. तिथल्या साहेबांचा फोन आला, "मॅडम, कशाला वाढवताय?" मी तिसरा दिला. ओपीडी आटोपली की ड्रायव्हरला आणि दोन सिस्टरांना मान धरायला शिकवते. परवानगी नाही मला. कुणी विचारलं तर सांगेन, हो, शिकवते.

चौथा अर्ज उद्या जाईल. त्यात एकच ओळ लिहिलीय. नापास करायचं असेल तर खुशाल करा, पण आधी मला शिकवताना बघा.