आंबट विरजण

टाकीवर वाकलो आणि वासानंच मागे सरलो. काल हिरवंगार असलेलं पाणी आज तांबूस, वर फेस. शेजारच्या टाकीत तेच. पलीकडच्याही. आणि तिकडे वडसा स्टेशनवर जिऱ्याचे डबे उतरून बैलगाडीनं आमच्याकडे निघाले होते.

जिरे म्हणजे फोडणीतले नव्हेत. माशांची नुकती जन्मलेली पिल्लं इवलीशी असतात, म्हणून आमच्या मत्स्य खात्यात त्यांना तसं म्हणतात. त्यांना हिरवं पाणी लागतं. शेण आणि ढेप घालून पाण्यात बारीक शेवाळ वाढवायचं. त्यावर किडे पोसतात आणि त्यावर पिल्लं. जरा मोठी झाली की ती तलावात सोडायची.

मालगुजारी, म्हणजे गाव आणि तलावावरची जमीनदारी, नुकतीच गेली होती. गावच्या ढिवरांना, म्हणजे मासेमारी करणाऱ्यांना, तलाव पहिल्यांदाच मिळाला होता, तोही वर्षाच्या बोलीवर. यंदा मासोळी दिसली नाही, तर तलावाचा लिलाव. सगळी वस्ती या टाक्यांकडे डोळे लावून बसली होती.

टाक्या सखुबाई सांभाळायची. ढिवरांच्या मुखियाची बायको, कामाला चोख. मी तिला विचारलं, "बाई, काल काय घातलं यात?"

"काई नाई भाऊ. कोपऱ्यातली टाकी आंबली होती. तिचंच इरजण साऱ्या टाक्यांत लावलं."

"आंबलेलं? काऊन?"

"आंबट इरजण जोरात लागते नं! साहेबच तं म्हणे, दह्यावानी करा."

जुन्या टाकीतलं थोडं हिरवं पाणी नव्या टाकीत घाला, हे वस्तीतल्या बायकांना समजावताना आमच्या खात्याच्या साहेबांनी विरजणाचा दाखला दिला होता. बायका हसल्या होत्या, साहेब खूश झाले होते. पण दह्याचे जंतू दुधाचं दही करतात. आंबलेल्या टाकीतले जंतू शेवाळ कुजवतात आणि पाण्यातली हवा खाऊन टाकतात. हे सांगायचं मात्र राहून गेलं.

दुपारी साहेब जीपनं आले, पाठोपाठ बैलगाडी.

"तलावातच सोडा," साहेब म्हणाले.

मुखिया म्हणाला, "साहेब, तलावात मरळ हाये. एका घासात गिळंल."

"मग टाक्यांतलं पाणी बदला."

बदललं. विहिरीचं पाणी ओढून ओढून माणसांचे हात सोलले. पाणी स्वच्छ झालं, पिल्लं सोडली, पण त्यात खायला काही नव्हतं. दोन दिवसांत पिल्लं तळाशी पांढरी पडत गेली. सखुबाई टाकीच्या कडेला बसून मेलेली पिल्लं ओंजळीनं काढत राहिली.

तिसऱ्या दिवशी साहेब पुन्हा पाहायला आले. जाताना तिला म्हणाले, "बाई, विरजण मी नुसतं उदाहरण म्हणून सांगितलं होतं."

"आमाले काय ठाऊक साहेब," ती म्हणाली, "तुमचं इरजण खोटं होतं म्हून."

तलाव लिलावात एका ठेकेदाराला गेला. ढिवर त्याच तलावावर मजुरीनं जाळं ओढू लागले. पुढे नोकरीभर मी कुणाला शिकवताना दाखला दिला नाही. वास आला की फेका, एवढंच सांगायचो.

बदली झाली तेव्हा निरोप घ्यायला सखुबाईच्या घरी गेलो. तिनं चहा पुढे केला. घरात म्हैस होती, दुधाचं भांडं चुलीपाशी होतं. मुखिया सांगत होता, दही मात्र तिनं त्या दिवसापासून लावलं नव्हतं.