महाप्रसादाच्या दिवशी मी साताऱ्याला होतो

पंगतीत वाढणाऱ्याने ताटाकडे बघायचं नसतं, हाताकडे बघायचं असतं. ताटावर आडवा धरलेला हात बोटं मिटून असेल, तर माणसाचं खरंच झालेलं असतं. बोटं फाकलेली असतील, तर त्या फटीतून एक जिलेबी आरामात जाते, आणि ती जावी अशीच त्याची इच्छा असते. आमच्या धायरीच्या सोसायटीत गणपतीच्या महाप्रसादाला मी कित्येक वर्षं वाढतोय. पहिल्या मजल्यावरचे मधुमेहवाले आजोबा तोंडाने "विष आहे मला ते" म्हणतात आणि बोटं मात्र मोराच्या पिसाऱ्यासारखी पसरतात. त्यांच्या सुनेकडे पाठ करून मी अर्धी टाकतो.

हे शास्त्र मी लहानपणी शिकलो, फक्त उलट्या बाजूने.

मी पहिलीत असताना आई गेली. वडिलांची नोकरी फिरतीची, म्हणून मग मीही फिरतीवर निघालो. आधी काकांकडे, मग आत्याकडे, मग बिबवेवाडीला मामांकडे. कुणी छळलं वगैरे नाही. छळलं असतं तर निदान सांगायला बरी गोष्ट झाली असती. मामीला स्वतःची चार पोरं होती, तरी माझ्या ताटात तिने कधी कमी वाढलं नाही. फक्त कणीक भिजवायच्या आधी ती एकदा माझ्याकडे बघायची आणि परातीत आणखी एक मूठ पीठ टाकायची. ती मूठ मी पाहून ठेवली. तेव्हापासून डाव दोन हात लांब असतानाच मी "पुरे" म्हणायला लागलो, बोटं घट्ट मिटून. आणि सतत काहीतरी करत राहायला लागलो. लसूण सोल, पाणी भर, अंथरुणांच्या घड्या घाल. मामी एकदा शेजारणीला म्हणाली, "पोरगं कामाचं आहे हो." मला आजवर मिळालेली सगळ्यात मोठी पदवी तीच. कामाच्या पोराला कुणी पुढच्या घरी पाठवत नाही, अशी माझी समजूत. पाठवलंच, पण जरा उशिरा.

सवयींचं एक वाईट असतं, त्या आपल्याबरोबर मोठ्या होतात. कुणाच्या घरी गेलो की मला बसताच येत नाही. तरुणपणी कात्रजला मुलगी बघायला गेलो होतो. पोहे झाले, चहा झाला, आणि आता मुलीला काहीतरी विचारायचं म्हटल्यावर मी उठून सगळ्यांच्या कपबश्या गोळा केल्या आणि आत गेलो. विसळूनच बाहेर आलो. मुलीच्या वडिलांचा दुसऱ्या दिवशी निरोप आला, "मुलगा उत्तम आहे, पण आम्ही जावई शोधतोय." लग्नाचं मग राहूनच गेलं.

पण आपण एकटे आहोत असं मला कधी वाटलं नाही, कारण फोन दिवसभर वाजायचा. "मोकळे आहात का?" इथपासून सुरू होणारे फोन. कुणाला स्टेशनवर सोडायचं असायचं, कुणाच्या आईला डोळे तपासायला न्यायचं असायचं. मी मोकळाच असायचो. आपला गोतावळा मोठा आहे, असं मी छाती फुगवून सांगायचो.

यंदा गणपतीच्या आधी जिन्यातली ट्यूब बदलायला मी स्टुलावर चढलो. कुणी सांगितलं नव्हतं. ट्यूब पेटतही होती, जराशी लुकलुकायची इतकंच. ट्यूब वाचली, माझं उजवं मनगट मोडलं.

फोन थांबले. प्लास्टरमधल्या माणसाला कशाला त्रास द्या, असं लोकांना वाटलं असेल, पण हे मला आज सुचतंय. तेव्हा मला दिसत होती ती मामीची परात. समोरच्या फ्लॅटमध्ये एक काकू राहतात. वय सत्तरीच्या पुढे, जीभ पंचविशीची. त्यांनी बेल वाजवून विचारलं, "डबा देत जाऊ का?"

"नको काकू, जेवण झालंय माझं."

"सकाळी साडेनऊला? छान. लवकर जेवावं माणसाने." आणि दार लावून घेतलं.

महाप्रसाद रविवारी दुपारी होता. हातात बादली नसताना पंगतीत आपलं काम काय, हे मला काही केल्या सुचेना. शेवटी सेक्रेटरींना सांगून टाकलं की मी चुलतभावाकडे साताऱ्याला चाललोय. चुलतभाऊ खरोखरच साताऱ्याला राहतो, फक्त त्याला यातलं काही माहीत नव्हतं. रविवारी सकाळपासून पडदे ओढून, टीव्हीचा आवाज बंद करून, दाराबाहेरच्या चपला आत घेऊन बसलो. खाली पार्किंगमध्ये टेबलं सरकत होती. पाण्याचा ड्रम कुणीतरी चुकीच्या कोपऱ्यात नेला, हे मला आवाजावरून कळलं आणि जिवाची नुसती तगमग झाली. मग मसालेभाताचा वास वर आला. त्यावर भूक खवळली, म्हणून डाव्या हाताने डाळ-तांदूळ धुऊन मी खिचडीचा कुकर लावला.

माणूस साताऱ्याला गेला तरी त्याच्या कुकरला ते कुणी सांगितलेलं नसतं. तिसऱ्या शिट्टीला बेल वाजली.

"पोचलात का साताऱ्याला?" दारात काकू होत्या.

मी एसटी, गर्दी असं काहीतरी पुटपुटलो.

"असू दे. गॅस बंद करा आणि खाली चला."

"काकू, हात हा असा. मी काय करणार तिथे?"

त्यांनी प्लास्टरकडे बघितलं, मग माझ्याकडे. "जेवणार. बाकीचे तेच करतात. इतकी वर्षं वाढताय, लक्षात आलं असेल तुमच्या."

सोसायटीची पंगत मी पहिल्यांदाच ताटावर बसून बघत होतो. शेजारच्या खुर्चीवर काकू होत्या. "साताऱ्याहून लवकर परतलात," असं सेक्रेटरी मान हलवत म्हणून गेले. मठ्ठा कुणीच फिरवत नव्हतं. मी उठायला लागलो, तशी काकूंनी बाही धरून खाली बसवलं. "येईल मठ्ठा. तुमच्या आधीपासून येतोय तो."

मग जिलेबी आली. दुसऱ्या मजल्यावर आयटीतला एक जण राहतो, तो यंदा माझ्या जागी वाढायला होता. "काका, जिलेबी?" त्याने विचारलं. माझा डावा हात आपसूक ताटावर गेला. बोटं मिटलेली.

"पुरे."

"ओके काका, नो प्रॉब्लेम," म्हणून तो पुढे सरकला.

त्याला आमचं शास्त्र कुणी शिकवलेलं नव्हतं. मी घाईघाईने बोटं फाकवली, पण त्याचं सगळं लक्ष चिमट्यात. मी काकूंकडे बघितलं. त्यांनी एक हाक मारली असती तरी भागलं असतं. त्या शांतपणे मसालेभात खात होत्या.

"माझ्याकडे काय बघताय?" त्या म्हणाल्या. "हात मोडलाय तुमचा, तोंड शाबूत आहे."

काकांकडे, आत्याकडे, मामीकडे मी कधी काही मागितलं नव्हतं. नंतरही कुणाकडे नाही. एका जिलेबीपायी पन्नाशीतला माणूस खुर्चीच्या कडेला सरकून बसला. बादली पार टोकाला पोचत आली होती.

"अहो," मी म्हणालो. ते मलाच ऐकू आलं नाही. "अहो, इकडे. मला हवीय जिलेबी."

तो परत आला. एक टाकली. "अजून एक, काका?"

"हो," मी म्हणालो. कुणी पिठाची मूठ वाढवली नाही, कुणी वळूनही बघितलं नाही. मी डाव्या हाताने जिलेबी उचलली आणि पाक कोपरापर्यंत ओघळला.

"दोन घेतल्यात," काकू म्हणाल्या. "साताऱ्याला उपास घडला वाटतं."

मी जिलेबी संपवली. दुसरीही संपवली. मग, जीभ सैल झालीच आहे तर, म्हणून विचारलं, "काकू, उद्यापासून डबा द्याल का?"

"देईन की. साडेनऊला पाठवू ना?"