हरभऱ्याचा बेवड

माझं माहेर बोथ गावचं, किराणा दुकानाचं. तिथं बेवडे पुष्कळ पाहिले होते, पण ‘बेवड’ हा शब्द लग्नानंतर जाऊबाईंच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. “हरभऱ्याचा बेवड भेटला तं पऱ्हाटीले अर्धाच युरिया पुरते मामाजी,” असं त्या सासऱ्यांना सांगत होत्या आणि मी भाकरी थापता थापता फिस्सकन हसले. दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं की भाकरी परातीतच राहिली. एका पिकानं पुढच्या पिकासाठी, इथं हरभऱ्यानं कपाशीच्या पऱ्हाटीसाठी, जमिनीत मागे ठेवलेला कस म्हणजे बेवड, हे मला मागाहून कळलं.

भासरे, म्हणजे माझे थोरले दीर, मंचेरियलला खाणीत कामाला, त्यामुळे शेतीचं, वावराचं सगळं जाऊबाईच बघायच्या. त्या वांकिडी गावच्या, बोलायला फटकळ. अर्ध्या युरियाला सासरे तयार झाले, पण एक अट घातली. “पऱ्हाटी पिवळी पडली तं वावर ठोक्यानं देतो, पैसे मोजून वर्षभर दुसरा कोनी वाहील. मंग तू अन् तुयी चूल.” त्यावर त्या नुसत्या “बरं” म्हणाल्या. एवढ्या थोडक्यात उत्तर देणारी ही बाई नव्हे, घाबरल्या होत्या.

हरभरा फुलावर असताना त्यांनी मला एक झाड उपटून दाखवलं. मुळांवर बारीक गाठी. एक नखानं फोडली तर आत लालसर. “लाल हाय म्हंजे काम करून राह्यली. हवेतलं खत वढते हे.” म्हणूनच सोंगणीला बाया रिवाजाप्रमाणे झाडं उपटू लागल्या तेव्हा त्या बांधावरून ओरडत धावल्या, “उपटू नका वं बायाहो, इळ्यानं कापा! मुळ्या वावरातच राहू द्या!” बाया कुरकुरल्या. उपटलं की झालं, कापत कोण बसतं? मग जाऊबाईच विळा घेऊन पुढची पात धरून बसल्या.

त्याच वावरात पावसाळ्यात पऱ्हाटी लावली. सगळं गाव युरियाच्या रांगेत, आणि आमच्या घरी अर्धीच पोती. शेजारची पऱ्हाटी गर्द हिरवी, आमची जरा फिकी. येणारा-जाणारा विचारायचा, “काऊन बाई, बेवड उतरला काय?” माझं डोकं फिरायचं. जाऊबाई रोज वावरात जाऊन पानं उलटून पाहायच्या आणि जेवायच्या कमी.

पोळा झाला आणि शेजारच्या त्या हिरव्यागार पऱ्हाटीवर मावा पडला. जास्तीच्या युरियानं झाडं माणसाएवढी, पण नुसता पाला. आमच्या बुटक्या झाडांना बोंडं लगडली होती. दिसतं तसं नसतं, असं मी शाळेत नुसतं घोकलं होतं.

वेचणी संपत आली तेव्हा वावर ठोक्यानं मागायला एक जण ओट्यावर येऊन बसला. सासरे बशीतला चहा फुंकत राहिले. आत जाऊबाईंच्या हातातलं सूप थांबलं.

“वावर माझं हाय,” सासरे म्हणाले, “पन बेवड तिचा हाय. तिलेच इचारा.”

मला रडू आवरेना. जाऊबाईंचा आवाज मात्र नेहमीसारखाच फटकळ.

“नाई देत म्हना. येत्या पावसाळ्यात सोयाबीन हाय, त्यावर हरभरा. अन् मामाजी, इळे धार लावून ठिवा.”